बोटाला लागणारा खडू

यंदा पावसाळ्याचे तांदूळ भरताना आईने मध्येच हात थांबवला आणि विचारलं, "खडू ठेवायचाय का गं डब्यात?"

"नको."

"मग लावते झाकण."

तिने झाकण लावलं, वर एक थाप मारली आणि डबा ओट्याखाली सरकवला. आषाढी पौर्णिमा दोन दिवसांवर आली होती. वर्षावास सुरू झाला की तीन महिने आई संध्याकाळी पांढरी साडी नेसून विहारात वाचनाला जाते. त्याच तीन महिन्यांत आमच्या तांदळाच्या डब्यात खडू असायचा. वीसेक वर्षं असायचा. मी चहा गाळला, आईला दिला, मी प्यायले.

हा खडू शाळेतला नव्हे, पूल खेळतात त्याचा. पूल म्हटलं की आमच्या नात्यातल्या बायकांना एक तर नदीवरचा आठवतो, नाहीतर पोहायचा, म्हणून नीट सांगते. कापड लावलेलं मोठं टेबल, सहा भोकं, रंगीत बॉल आणि हातात लांब काठी. काठीच्या टोकाला कातड्याची बारीक टोपी असते, तिला टिप म्हणतात. त्या टिपेला फटक्याआधी निळा खडू घासायचा. नाही घासला तर काठी पांढऱ्या बॉलवरून निसटते, टक्क असा घाणेरडा आवाज येतो आणि अख्खं पार्लर मान वळवून तुमच्याकडे बघतं. खडू असतो बर्फीच्या छोट्या वडीएवढा, चौकोनी. पाच बाजूंना कागद चिकटवलेला, एक बाजू उघडी. घासायची ती उघडी बाजू. यात चुकण्यासारखं काय आहे, असं मला वाटायचं.

पावसाळ्यात आमच्या घाटकोपरला मीठ पाणी सोडतं, पापड मऊ पडतात, कपाटातल्या चपलांना बुरशी येते. खडूही दमट होतो. दमट खडू टिपेवर चिखलासारखा बसतो. बाबांनी यावर स्वतःचा उपाय काढला होता. खेळून आले की खडू मलमलच्या फडक्यात बांधायचा आणि तांदळात खुपसून ठेवायचा. तांदूळ ओल शोषून घेतात, हे त्यांना कुणी शिकवलं माहीत नाही. आईला ते अजिबात मान्य नव्हतं. "अन्नात कसले दगडधोंडे खुपसता," म्हणायची. एका वर्षी फडक्याची गाठ सुटली आणि खडूची भुकटी तांदळात मिसळली. आईने तांदूळ दोनदा धुतले, तरी कुकर उघडला तर भात ठिकठिकाणी निळा. तिने पातेलं बाबांच्या समोर आदळलं.

"हे काय?"

"भात," बाबा म्हणाले.

"निळा?"

बाबांनी पातेल्यात वाकून बघितलं, चष्मा वर केला आणि अगदी गंभीर तोंड करून म्हणाले, "आपलाच रंग आहे की गं. खा बिनधास्त."

आईला हसू आवरेना आणि रागही आवरेना. भात टाकून दिला, मी खाली जाऊन पाव आणले. त्यानंतर खडूला स्टीलची छोटी डबी मिळाली, झाकणाला आईनेच खिळ्याने भोकं पाडून दिली, आणि ती डबी तांदळात बसायला लागली. हे मला इतकं स्पष्ट आठवतं की कुकरच्या त्या वाफेचा वाससुद्धा येतो. फक्त तेव्हा पोट धरून हसले होते, ते हसू काही येत नाही.

बाबा महापालिकेच्या पाणी खात्यात चावीवाले होते. रस्त्यावरचं गोल झाकण उचलायचं, छातीपर्यंत येणारी लोखंडी चावी आत घालायची आणि व्हॉल्व्ह फिरवायचा, की मग त्या गल्लीला पाणी. कुठल्या गल्लीला किती आटे उघडायचे ते बाकीचे लोक मोजायचे. बाबा मोजायचे नाहीत. "आकडा विसरतो माणूस. हाताला कळलं पाहिजे," असं म्हणायचे. पाईपमधून पाणी सुटलं की चावीला जी बारीक थरथर येते, ती त्यांच्या तळव्याला कळायची. एकदा मला हात लावायला लावला होता. मी नऊ-दहा वर्षांची असेन. मला लोखंड गार लागलं, बाकी काही नाही. "कळलं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. बाबांना खोटं बोललेलं लगेच समजायचं, पण तेव्हा त्यांनी नुसती चावी काढून घेतली.

पंतनगरच्या पुढे हार्डवेअरच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर मनसुखभाईंचं पूल पार्लर आहे. त्याच्या खालीच बाबांचा एक व्हॉल्व्ह होता. मनसुखभाई रोज वरून बघायचे, हा माणूस काठी कशी धरतो. एक दिवस हाक मारली, "चावीवाले, ऊपर आओ, ये वाला डंडा पकडके देखो." बाबा वर गेले ते रिटायर झाल्यावरही जातच राहिले. ड्रेसची पॅंट, पांढरा शर्ट, खिशात स्वतःचा खडू. दारू नाही, पत्ते नाहीत, एवढंच एक. मलाही शिकवलं त्यांनी. मी बरी खेळते. घाई करते, ही माझी खोड. "वैशू, काठीला पोचू दे," म्हणायचे.

खडू लावायची त्यांची एक रीत होती. नवशिकी पोरं खडू काठीवर पालथा घालून गरागरा फिरवतात, मधोमध खड्डा पाडतात. बाबा तसं बघितलं तरी तोंड वाकडं करायचे. ते काठी स्थिर धरून खडूची कड टिपेवरून हलकेच तीनदा ओढायचे. मग अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासायचे, त्याकडे बघायचे आणि मग वाकायचे. दर फटक्याला. हे बोटांकडे बघणं आधी नव्हतं, शेवटच्या दोन-तीन वर्षांत आलं. मला ती म्हाताऱ्या माणसाची सवय वाटली. माणसं उगाच घसा खाकरतात, त्यातलं काहीतरी.

त्या निळ्या बोटांनी मला मात्र वैताग आणला होता. स्विचबोर्डावर निळं. पेपरच्या कडांना निळं, फ्रिजच्या मुठीला निळं, चहाच्या ग्लासवर ठसे. पांढऱ्या शर्टाचा खिसा तर बघायलाच नको. मी सकाळी सहाला उठून लॅबला जाते. पॅथॉलॉजीत रक्त घ्यायचं काम आहे माझं, दिवसाला साठ-सत्तर माणसं. घरी आल्यावर शर्टाचा खिसा ब्रशने घासत बसायचं. मी बोलायचे. तोंड आहे मला, आणि ते मी वापरते.

"बाबा, रंगपंचमी आहे का घरात? हात धुता येत नाहीत?"

"धुतले की."

"हे धुतलेले? बघा जरा!"

ते बोटांकडे बघायचे. "अरेच्चा," म्हणायचे आणि परत मोरीवर जायचे.

मागच्या वर्षीचा वर्षावास. मला आता त्याच तीन महिन्यांबद्दल बोलायचं आहे, पण सगळं आडवंतिडवं आठवतं, एका ओळीत येत नाही. मनसुखभाई दर पावसाळ्यात सीनियर लोकांची स्पर्धा ठेवतात. बाहेर पडता येत नाही, गुडघे दुखतात, मग येतात सगळे. जिंकणाऱ्याचं नाव पार्लरच्या भिंतीवरच्या फळीवर रंगाने लिहितात. बक्षीस म्हणाल तर शाल आणि नारळ. पण त्या फळीवर बाबांचं नाव नव्हतं. दोनदा फायनलला पोचले, दोनदा गावडेकाकांनी हरवलं. गावडेकाका म्हणजे बाबांचे सगळ्यात जवळचे दोस्त आणि सगळ्यात मोठे दुश्मन. तरुणपणी गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर सोसायटीत वॉचमन, मूळचे कुडाळकडचे. फळीकडे बोट दाखवून बाबांना चिडवायचे, "चावीवाल्या, तुझा नाव खंय रे दिसणा नाय?" बाबा म्हणायचे, "येणार, येणार. पेंटरला सांगून ठेव." बाहेरून हसायचे. पण त्या वर्षी आईला त्यांनी म्हटलं होतं, "एवढं एकदा झालं ना, मग काठी ठेवून देईन." आईने ते मला सांगितलं.

शुगर त्यांना पंधरा वर्षं होती. पायांचं आम्हाला ठाऊक होतं. चालताना पायातली चप्पल मागे राहून जायची आणि ते अनवाणी पायाने पुढे, पत्ताच नसायचा. एकदा मी मागून चप्पल उचलून नेऊन दिली. "घ्या, सिंड्रेला," असंसुद्धा म्हटलं. डॉक्टर म्हणाले होते, पायांची जाणीव कमी होते, जपा, रोज तळवे तपासा. आम्ही तळवे तपासायचो. हातांचं कुणी काही म्हटलं नव्हतं, आणि आम्ही विचारलं नव्हतं.

मी लॅबमध्ये काम करते हे मी मुद्दाम वर सांगितलं. दर रविवारी सकाळी मी त्यांची शुगर घरच्या मशीनवर बघायचे. बोटाला सुई टोचायची, थेंब पट्टीवर घ्यायचा. रोज साठ माणसांना टोचते मी. पहिलवान गडी डोळे मिटून घेतात, बायका आई गं म्हणतात, पोलीससुद्धा हात मागे ओढतात. बाबा पेपर वाचत बसायचे. डावा हात माझ्याकडे, नजर पेपरात. मी टोचायचे तरी पापणी हलायची नाही.

"टोचलंस का?" मग विचारायचे.

"झालंसुद्धा. शहाणे ते बाबा."

लॅबमध्ये मी ही गोष्ट कौतुकाने सांगायचे. माझे बाबा ना, अजिबात घाबरत नाहीत. बरोबरच्या मुलींना सांगायचे, पेशंटना सांगायचे. घाबरणाऱ्या माणसाला धीर द्यायला तर हमखास सांगायचे. बारा वर्षांचा अनुभव आहे मला या कामाचा.

तर त्या वर्षी स्पर्धेचा कागद लागला आणि मी ठरवलं, बाबांना चांगला खडू घेऊन द्यायचा. मोबाइलवर शोधलं तर खडूचंसुद्धा एक जग निघालं. एका ठोकळ्याला दोन हजारांच्या वर. साधा खडू वीस-पंचवीस रुपयांत येतो. लोक तावातावाने भांडत होते तिथे. एक म्हणे, महागातला खडू टिपेला असा धरून बसतो की चार-पाच फटके बघायला नको. दुसरा म्हणे, सगळा मूर्खपणा आहे, मनगट नीट नसेल तर सोन्याचा खडू लावा. तिसरा म्हणे, काही असो, याची भुकटी उडत नाही, कापड स्वच्छ, बॉल स्वच्छ, हात स्वच्छ. हात स्वच्छ! मी तिथेच ऑर्डर दिली. खरं सांगायचं तर अर्धा खडू बाबांसाठी होता आणि अर्धा त्यांच्या शर्टाच्या खिशासाठी.

डबी छान होती, आत मऊ कागद, आत तो ठोकळा. बाबांनी किंमत विचारली. मी निम्मी सांगितली, तरी त्यांनी कपाळाला हात लावला.

"एवढ्यात तर महिन्याचे तांदूळ येतील गं."

"बघा तर वापरून."

त्यांनी काठी काढली, खोलीत मधोमध उभे राहिले, हलकेच तीनदा खडू ओढला. मग नेहमीसारखं अंगठा आणि बोट एकमेकांवर घासून बघितलं. परत घासलं. खिडकीपाशी उजेडात नेऊन बघितलं.

"लागत नाही गं बोटाला."

"तेच तर!" मी म्हटलं. किती खूश होते मी. "तेच तर आहे ना त्याचं. म्हणून तर महाग आहे."

बाबांनी बोटांकडे जरा वेळ बघितलं आणि मग माझ्याकडे. "झकास आहे," म्हणाले.

त्यानंतरचे आठवडे स्पर्धा चालली. आई विहारात आणि बाबा पार्लरमध्ये, अशा संध्याकाळी. मी सुटून घरी यायचे तर घरात कुणी नसायचं. गॅसवर झाकलेली भाजी, खिडकीबाहेर पत्र्यावर पाऊस, दोरीवर न वाळणारे कपडे. तरी शर्टांना निळं लागतच होतं. मला वाटलं, जुने डाग असतील. बाबा एकेक मॅच जिंकून यायचे आणि दारातूनच बोटं दाखवायचे, किती बॉलने जिंकले ते. ती बोटं निळी होती का? होती. आता आठवतात तर निळीच आठवतात. तेव्हा मी बोटं मोजत होते, बघत नव्हते.

फायनल रविवारी दुपारी होती. समोर गावडेकाकाच. मी तोपर्यंत एकही मॅच बघायला गेले नव्हते, ड्युटीच तशी असते. त्या दिवशी गेले. आईलाही नेणार होते, पण तिचं विहारात वाचन होतं. "तूच बघ आणि मला सांग," म्हणाली. पार्लर गच्च भरलेलं. ओल्या छत्र्या बादलीत, मनसुखभाई सगळ्यांना चहा वाटत होते. बाबांनी मला बघितलं, मान हलवली, आणि खिशातून ती महागाची डबी काढून टेबलाच्या कडेवर ठेवली. मला कसलं भारी वाटलं. शेजारच्या माणसाला मी सांगितलंसुद्धा, मी दिलाय तो.

ते सुंदर खेळले. हे मी मुलगी म्हणून नाही सांगत, खेळ कळतो मला. दोघांचाही शेवटचा काळा बॉल राहिला होता, तो घालेल तो जिंकणार. सरळ होता, भोकाच्या तोंडाशी. फक्त पांढरा मागे खेचून आणायला हवा होता, नाहीतर काळ्यामागोमाग तोही भोकात जाऊन मॅच हातची गेली असती. असा फटका पांढऱ्याच्या खालच्या अंगाला मारावा लागतो, आणि त्याला खडू नीट लागलेला हवा. बाबांनी तीनदा खडू ओढला. बोटं घासली, बघितली. वाकले. माझी नजर काळ्यावर होती.

टक्क.

काठी निसटली. पांढरा कडेकडेने गेला, काळ्याला शिवलासुद्धा नाही आणि गावडेकाकांसमोर येऊन थांबला. काकांनी काळा मारला. मॅच संपली. सगळे एकदम बोलायला लागले. बाबा काठीच्या टोकाकडे बघत उभे होते. मग त्यांनी ठोकळा उचलला, चष्म्याजवळ नेला, उलटासुलटा करून बघितला आणि डबीत ठेवला. मी जवळ गेले.

"काय झालं हो? एवढा सोपा होता."

"झालं गं. हात म्हातारा झाला," ते म्हणाले. परत येताना रिक्षात मी त्यांना समजावत बसले की असं मोठ्या मोठ्या लोकांचं होतं. ते हो हो करत होते. घरी आईने विचारलं तर म्हणाले, "वाट लागली. पण मजा आली. वैशू आली होती."

डिसेंबरात बाबा गेले. पहाटे झोपेतच. छातीत दुखलं असेल तर कुणाला कळलं नाही. मी रडले नाही. पाहुणे आले, भन्तेजी आले, त्रिशरण-पंचशील झालं, मी सगळ्यांना चहा दिला आणि कोण जेवून जाणार ते विचारलं. नात्यातल्या एक काकू आईला म्हणाल्या, पोरगी दगडाची आहे. आई म्हणाली, "कामं कोण करणार मग? तुम्ही?" पण काकूंचं चुकलं नव्हतं. दात काढायच्या आधी डॉक्टर इंजेक्शन देतात, त्यानंतर आपला गाल आपलाच असतो पण आपल्याला लागत नाही. माझं तसं झालं आणि ते उतरलंच नाही. सामान आवरताना ती स्टीलची डबी उघडली तर आत दोन खडू होते. माझा महागाचा, जवळजवळ कोरा. आणि एक साधा, घासून घासून पार तळाच्या कागदाला टेकलेला. मी म्हटलं, घ्या, आमच्या घरची खोड. नवीन भांडी कपाटात आणि चेपलेली वापरात. चांगली चादर पाहुण्यांना. बाबांनी खडूसुद्धा जपून ठेवला. मी डबी मिटून ट्रंकेत टाकली.

यंदा वर्षावास लागला आणि पहिल्याच आठवड्यात मनसुखभाईंचा फोन आला. "बेन, पापा की स्टिक इधर पडी है. ले जाओ, नमी से टेढी हो जाएगी." रविवारी दुपारी गेले. जाताना ट्रंकेतली डबी बरोबर घेतली, का ते माहीत नाही. पार्लर रिकामं होतं. फळीखालच्या बाकावर गावडेकाका एकटेच बसले होते. फळीवर त्यांचं नाव तिसऱ्यांदा, पिवळ्या रंगात.

"यंदा खेळत नाही काका?"

"नाय गो." त्यांनी फळीकडे बोट केलं. मग म्हणाले, "तां नाव पुसूक सांगितलंय मनसुखाक."

गल्ल्यावरून मनसुखभाई म्हणाले, "काका, पेंट है वो. चॉक थोडी है."

मी हसायच्या बेतात होते, पण काका हसत नव्हते. त्यांनी मला बाजूला बसवलं आणि मान खाली घालून बोलले. त्यांचं मालवणी मला सवयीचं आहे, तरी त्या दिवशी शब्द उशिरा पोचत होते. ते म्हणाले, चावीवाल्याक हाताक काय कळा नाय होता, दोन-तीन वर्सां. पाय गेले तसे हातव गेले. बोटात खडू धरलोहा की नाय, खंयची बाजू वर, कायेक कळायचा नाय. म्हणून तो बोटां बघायचो. निळी झाली म्हणजे खडू लागलो. निळी नाय झाली तर परत लावायचो.

"घरी कधी बोलले नाहीत," मी म्हटलं.

"बोलतलो कशाक? तुम्ही तेचा येणा बंद केलात असता. माझ्याकडसून शप्पथ घेतल्यान."

आणि मग काकांनी उरलेलं सांगितलं. सगळी स्पर्धा बाबा जुन्या खडूने खेळले. फायनलला मात्र सकाळीच म्हणाले, आज चेडू, वैशू, बघूक येतला, आज तिचो खडू काढूक होयो. शेवटच्या फटक्याला बाबांनी ठोकळा उलटा धरला होता. कागदाची बाजू टिपेवर तीनदा ओढली. बोटं बघितली तर स्वच्छ. पण त्या खडूने बोटं नेहमी स्वच्छच राहायची.

"मी बघितलंय ता," गावडेकाका म्हणाले. "उलटो धरलेलो. म्हटलंय, आता कळात, आता कळात. तोंडार इला होता, 'चावीवाल्या, खडू बघ.' नाय बोललंय. माका जिंकूचा होता गो."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला राग यायला हवा होता. मी वाट बघितली, आला नाही. काकांचा नाही आला आणि माझाही नाही आला. मी एवढाच विचार करत बसले की दर रविवारी मी कुठल्या बोटाला टोचत होते. डावं मधलं. कधीकधी त्याच्या शेजारचं.

मग मी म्हटलं, "काका, एक गेम खेळू."

"माझ्यावांगडा?"

"मग कोणाबरोबर? बाकी कोण आहे इथे?"

खेळलो. बाबांची काठी घेतली. डबीत दोन्ही खडू होते. मी महागाचा लावून बघितला. खरं बोलायचं तर उत्तम खडू आहे. चार फटके टिपेवरून हलला नाही, पांढऱ्यावर एक ठिपका नाही, आवाजसुद्धा गोड येतो. कुणी विचारलं, पैसे वसूल होतात का, तर सांगेन, होतात. ज्याला हात आहेत त्याने घ्यावा. लोक मोबाइलवर भांडत होते, त्यातल्या प्रत्येकाचं बरोबर होतं. भुकटी लागत नाही म्हणजे फायदाच, असं सगळे धरून चालले होते, मीसुद्धा. मग मी तो ठेवला आणि बाबांचा जुना घेतला. त्यात उरलं होतं ते जेमतेम कडांना. तेवढ्यातही दोन्ही बोटं निळी झाली. काका जिंकले. मी घाई केली.

घरी आले तर आई विहारातून येऊन बसली होती. मी दिवा लावला, स्विचबोर्डावर निळं उमटलं. आईने ते बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं. मग उठून भाजी गरम करायला गेली. तिला मी अजून सांगितलेलं नाही. सांगेन.

सोमवारी सकाळी लॅबमध्ये नेहमीची गर्दी. उपाशीपोटी आलेली माणसं चिडचिड करत असतात, पंखा पुरत नाही, ओल्या चपलांनी फरशी चिकट होते. अकराव्या नंबरला एक सत्तरीचे गृहस्थ आले, बरोबर मुलगी. माझ्याच वयाची असेल, ऑफिसचा डबा खांद्याला, एका हातात मोबाइल. फक्त शुगर होती, बोटावरचीच. ते खुर्चीत बसले, हात पुढे केला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागले. मी टोचलं. कॅलेंडरवरची नजर हलली नाही.

"बाबा ना, अजिबात घाबरत नाहीत," मुलगी म्हणाली. हसून, कौतुकाने.

मी थेंब पट्टीवर घेतला. आकडा लिहिला. पुढचा नंबर पुकारायचा होता, पुढची बाई उठलीसुद्धा होती. मी तिला हाताने थांबवलं.

"काका, टोचलेलं कळलं का तुम्हाला?"

त्यांनी आधी बोटाकडे बघितलं. लाल ठिपका दिसला. मग म्हणाले, "कळलं की."

मी ग्लोव्ह काढला. नखाच्या कडेला कालचं निळं राहिलं होतं, साबणाने गेलं नव्हतं.

"डोळे मिटा जरा."

"कशाला हो?"

"मिटा तर. दोन मिनिटांचं काम आहे."

त्यांनी डोळे मिटले. मुलगी मोबाइलवरून मान वर करून बघत होती. मी त्यांच्या करंगळीशेजारचं बोट माझ्या मुठीत घेतलं आणि घट्ट दाबलं, नख पांढरं पडेपर्यंत.

"आता सांगा, कुठलं बोट धरलंय मी?"

पंखा फिरत होता. त्यांच्या बोटातले ठोके माझ्या तळव्याला लागत होते, ते मला कळत होतं.

"धरा तर आधी," ते म्हणाले.